हेतू आणि पत्ता : बॅकअपच्या वाहतुकीच्या मार्गनिवडीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकशास्त्रातील काही प्रश्न असे आहेत की, त्यांचा इतिहास लिहिण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ज्याला त्याला ते आपल्या दैनंदिन कामातील किरकोळ अडचण वाटतात. अडचण सुटली की ती विसरली जाते. सर्व्हरच्या बॅकअपची वाहतूक योग्य त्या नेटवर्क कार्डातून कशी न्यावी, हा अशा प्रश्नांपैकीच एक होय. प्रस्तुत निबंधात ह्या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या कल्पनांचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम वस्तुस्थिती स्पष्ट करू. एका सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे आहेत. पहिले कार्ड नित्य कामकाजाच्या नेटवर्कला जोडलेले आहे व त्याचा पत्ता १९२.१६८.१.२० असा आहे. दुसरे कार्ड केवळ बॅकअपसाठी उभारलेल्या नेटवर्कला जोडलेले असून त्याचा पत्ता १०.१०.१०.२० असा आहे. ज्या यंत्रावर प्रती साठवावयाच्या, त्या बॅकअप सर्व्हरलाही अशीच दोन कार्डे आहेत. दुसऱ्या नेटवर्कसाठी वेगळा स्विच घेतला, वेगळ्या केबली ओढल्या, खर्च झाला. रात्री बॅकअप सुरू होतो आणि सकाळी मोजमाप पाहावे तो दुसऱ्या कार्डावरून जवळजवळ काहीच गेलेले नाही. सर्व भार पहिल्याच कार्डाने वाहिला आहे. कोठे दोषाची नोंद नाही, कोठे काही तुटलेले नाही, बॅकअपही पूर्ण झालेला आहे. फक्त तो इच्छिलेल्या वाटेने गेला नाही.

ह्यावर सामान्यतः दिले जाणारे स्पष्टीकरण असे की, व्यवस्थापकाकडून एखादी नोंद करावयाची राहिली. हे स्पष्टीकरण खोटे नाही. पण ते अपुरे आहे. एकच गोष्ट हजारो ठिकाणी, वेगवेगळ्या प्रणालींवर आणि अनेक दशके घडत राहते, तेव्हा तिचे कारण व्यक्तीच्या विस्मरणात न शोधता रचनेत शोधणे इष्ट ठरते. ह्या निबंधाचे प्रतिपादन असे की, इंटरनेटच्या रचनेत पॅकेट कोठे जावयाचे ह्याला स्थान मिळाले, ते कशासाठी जावयाचे ह्याला मिळालेले स्थान मात्र टिकले नाही. आणि त्यामुळे ज्या कोणाला हेतूनुसार मार्ग हवा होता, त्याला तो हेतू पत्त्याच्या रूपाने सांगावा लागला. बॅकअपच्या स्वतंत्र नेटवर्कचा इतिहास हा ह्या रूपांतराचाच इतिहास आहे.

२. पत्ता यंत्राचा की कार्डाचा?

ह्या कथेचा आरंभ १९६९ साली सुरू झालेल्या आर्पानेटपासून करावा लागतो. त्या नेटवर्कमध्ये प्रत्येक ठिकाणी 'इम्प' नावाचा एक लहान संगणक असे आणि विद्यापीठांचे मोठे संगणक त्याला जोडलेले असत. आरंभीच्या व्यवस्थेत पत्ता आठ बिटांचा होता. त्यांतील सहा बिट इम्पचा क्रमांक सांगत व उरलेले दोन बिट त्या इम्पच्या चार दारांपैकी कोणते ते सांगत. म्हणजे पत्ता यंत्राचा नसून दाराचा होता. एका यंत्राला एकच दार असेपर्यंत हा भेद कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते.

तो प्रथम कोठे जाणवला, ह्याची एक हकीकत जॉन डे यांनी आपल्या २००८ च्या ग्रंथात नोंदविली आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील टिंकर हवाई तळाने सुरक्षिततेसाठी दोन वेगवेगळ्या इम्पना जोडणी मागितली. एक जोडणी तुटली तरी दुसरीने काम चालावे, ही अपेक्षा अगदी रास्त होती. परंतु नेटवर्कच्या दृष्टीने ही एका यंत्राची दोन दारे नव्हती. ती दोन भिन्न यंत्रे होती. दोन्ही दारांमागे एकच घर आहे, हे नेटवर्कला सांगण्याची सोयच पत्त्याच्या रचनेत नव्हती.

ह्यानंतरच्या दशकात प्रश्नाची तात्त्विक मांडणी झाली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील जॉन शॉक यांनी जानेवारी १९७८ च्या एका टिपणात नाव, पत्ता आणि मार्ग ह्या तीन कल्पना परस्परांपासून वेगळ्या केल्या : आपल्याला काय हवे ते नाव सांगते, ते कोठे आहे ते पत्ता सांगतो आणि तेथे कसे पोहोचावे ते मार्ग सांगतो. सप्टेंबर १९८१ मध्ये आर. एफ. सी. ७९१ ह्या दस्तऐवजाने इंटरनेट प्रोटोकॉलची व्याख्या केली, तेव्हा हा भेद त्यात स्वीकारला गेला. त्याच दस्तऐवजात काही यंत्रांना एकाहून अधिक इंटरफेस असतील, हेही मान्य केले आहे. म्हणजे दोन कार्डांच्या यंत्राची कल्पना रचनाकारांना नव्हती, असे म्हणता येणार नाही. कल्पना होती; पण पत्ता दिला गेला तो इंटरफेसलाच.

ह्या निवडीची सर्वांत मार्मिक चिकित्सा मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे जेरोम सॉल्टझर यांनी १९८२ मध्ये केली. त्यांचा निबंध पुढे ऑगस्ट १९९३ मध्ये आर. एफ. सी. १४९८ म्हणून पुन्हा प्रसिद्ध झाला. सॉल्टझर यांच्या मते नेटवर्कमध्ये चार गोष्टींना स्वतंत्र ओळख हवी : सेवा, ती सेवा जेथे चालते ते यंत्र, ते यंत्र जेथे नेटवर्कला जोडलेले आहे ते स्थान, आणि त्या स्थानापर्यंतचा मार्ग. सेवा एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलू शकते, यंत्र एका स्थानावरून दुसऱ्या स्थानी जाऊ शकते, स्थानापर्यंतचा मार्ग बदलू शकतो. म्हणून ह्या चौघांचे परस्परसंबंध प्रत्येक वेळी नव्याने जोडता आले पाहिजेत. इंटरनेटच्या रचनेत ह्या चारांपैकी यंत्राची ओळख गळाली. जोडणीच्या स्थानाला पत्ता मिळाला, आणि यंत्राची ओळख त्या पत्त्यावरूनच केली जाऊ लागली. आपल्या उदाहरणातील सर्व्हर म्हणूनच एक असूनही नेटवर्कच्या दृष्टीने दोन आहे, आणि बॅकअप सर्व्हरही तसाच.

३. मार्ग ठरविण्याची रीत

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. पत्ता कार्डाचा असला, तरी बाहेर पडताना कोणते कार्ड वापरावे हे कोण ठरविते? उत्तर असे की, ते गंतव्याच्या पत्त्यावरून ठरते. १९८३ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या ४.२ बी.एस.डी. ह्या युनिक्स आवृत्तीने टी.सी.पी./आय.पी. विद्यापीठाविद्यापीठांत पोहोचविले, आणि तिच्याबरोबर राउटिंग टेबल, म्हणजे मार्गांचे कोष्टक, ही व्यवस्थाही रूढ झाली. ऑगस्ट १९८५ मध्ये आर. एफ. सी. ९५० ने सबनेटची पद्धत प्रमाणित केली. तेव्हापासून यंत्राची विचारसरणी थोडक्यात अशी आहे : ज्या पत्त्याला पॅकेट पाठवावयाचे तो पत्ता आपल्या एखाद्या कार्डाच्या सबनेटमध्ये बसतो काय? बसत असल्यास त्याच कार्डातून थेट पाठवावे. अनेक नोंदी जुळत असल्यास सर्वांत नेमकी नोंद घ्यावी. त्यांतही बरोबरी झाल्यास ज्या मार्गाचे मेट्रिक, म्हणजे मोलाचा आकडा, कमी असेल तो घ्यावा. काहीच न जुळल्यास डिफॉल्ट गेटवेकडे द्यावे.

ही रीत आपल्या उदाहरणाला लावून पाहिली की कोडे सुटते. बॅकअपच्या कार्यक्रमाला बॅकअप सर्व्हरचे नाव सांगितलेले आहे. त्या नावाचा पत्ता नित्य नेटवर्कमधील १९२.१६८.१.५० असा मिळतो. हा पत्ता पहिल्या कार्डाच्या सबनेटमध्ये बसतो. पॅकेट पहिल्या कार्डातून जाते. दुसरे कार्ड अधिक वेगवान आहे, मोकळे आहे, त्यासाठीच घेतलेले आहे, ह्यांपैकी एकही गोष्ट कोष्टकात लिहिलेली नाही. यंत्राने विचारलेला प्रश्न 'कोठे' हा होता आणि त्याचे उत्तर त्याने बिनचूक दिले. काही व्यवस्थापक ह्या ठिकाणी दुसऱ्या कार्डाचे मेट्रिक कमी करून पाहतात. परंतु मेट्रिकचा प्रश्न दोन तुल्य मार्गांतच उद्भवतो, आणि येथे दुसरा मार्ग स्पर्धेतच नाही. म्हणून त्या उपायाचा काही परिणाम होत नाही.

ऑक्टोबर १९८९ मध्ये आर. एफ. सी. ११२२ हा दस्तऐवज रॉबर्ट ब्रेडन यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. अनेक कार्डांच्या यंत्राने कसे वागावे ह्याचा त्यात सविस्तर ऊहापोह आहे. दस्तऐवजाने दोन नमुने मांडले. पहिल्याला 'स्ट्राँग' नमुना म्हणतात. त्यात पॅकेटवरील पाठविणाराचा पत्ता ज्या कार्डाचा असेल त्याच कार्डातून ते बाहेर पडावे आणि ज्या कार्डाच्या पत्त्यावर आले त्याच कार्डाने ते स्वीकारावे, असा दंडक आहे. दुसरा 'वीक' नमुना. त्यात यंत्राचे सर्व पत्ते सर्व कार्डांना समान मानले जातात. दस्तऐवजाने दोन्हींना मुभा दिली, एकाचीही सक्ती केली नाही. परिणामी प्रणाली आपापल्या वाटेने गेल्या. लिनक्सने वीक नमुना ठेवला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर २००३ मध्ये आय.पी.च्या चौथ्या आवृत्तीसाठी वीक नमुनाच होता. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज सर्व्हर २००८ पासून स्ट्राँग नमुना हा मूळ नियम झाला. एकाच खोलीतील दोन सर्व्हर, एकाच पद्धतीने जोडलेले असूनही, वेगळे वागू शकतात ते ह्यामुळे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. स्ट्राँग नमुन्याने बॅकअपचा प्रश्न सुटत नाही. कार्यक्रमाने आपला पत्ता आधी निवडला असेल, तर त्या निवडीचा मान हा नमुना राखतो, एवढेच. कार्यक्रमाने निवड केली नसेल, तर निर्णय पुन्हा गंतव्यावरच येऊन ठेपतो.

४. हेतूसाठी राखलेली जागा

हेतूला रचनेत स्थान टिकले नाही, असे वर म्हटले. त्याचे स्पष्टीकरण देणे अवश्य आहे, कारण जागा मुळातच नव्हती असे नाही. डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ मध्ये इंटरनेटच्या रचनेमागील उद्दिष्टांचा क्रम सांगितला आहे. त्यात काही भाग निकामी झाले तरी संदेशवहन चालू राहणे हे अग्रस्थानी असून, त्यानंतर लगेच निरनिराळ्या प्रकारच्या सेवांना आधार देणे हे उद्दिष्ट येते. टंकलेखनासारखे एकेका अक्षराचे संभाषण आणि मोठ्या फाइलीचे वहन ह्यांच्या गरजा वेगळ्या आहेत, हे प्रवर्तकांना पूर्णपणे ठाऊक होते.

म्हणूनच १९८१ च्या आर. एफ. सी. ७९१ मध्ये प्रत्येक पॅकेटच्या शीर्षात आठ बिटांची एक जागा 'सेवेचा प्रकार' सांगण्यासाठी राखलेली होती. विलंब कमी हवा, वहनक्षमता अधिक हवी, की विश्वसनीयता अधिक हवी, हे त्या जागेत लिहिता येई. जुलै १९९२ च्या आर. एफ. सी. १३४९ ने तिचा अर्थ अधिक नेमका केला आणि फाइल-वहनाच्या आशयासाठी अधिकाधिक वहनक्षमतेची खूण करावी, असे सुचविले. १९८९ च्या आर. एफ. सी. ११२२ मध्ये मार्ग ठरविण्याची जी सूत्रे आहेत, त्यांतही गंतव्याच्या जोडीला सेवेचा प्रकार हा घटक लिहिलेला आहे. ओ.एस.पी.एफ. ह्या मार्गशोधनाच्या प्रोटोकॉलने तर सेवेच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळा मार्ग काढण्याची तरतूद केली होती. कागदावर पाहता, 'हा बॅकअप आहे, त्याला रुंद वाट द्या' असे सांगण्याची व्यवस्था तयार होती.

ती व्यवहारात आली नाही. जुलै १९९७ मध्ये आर. एफ. सी. २१७८ ने ओ.एस.पी.एफ.मधून ही तरतूद काढून टाकली. कारण असे देण्यात आले की, तिच्या अंमलबजावणीचा पुरेसा अनुभवच उपलब्ध नव्हता. डिसेंबर १९९८ मध्ये आर. एफ. सी. २४७४ ने त्या आठ बिटांचा अर्थच बदलला. ह्यापुढे ती खूण पॅकेटला रांगेत कशी वागणूक द्यावी हे सांगू लागली. त्याने कोणत्या वाटेने जावे हे सांगण्याचे काम तिच्याकडे राहिले नाही.

ह्या अपयशाची कारणे शोधणे कठीण नाही. हेतूनुसार वेगळा मार्ग द्यावयाचा तर वाटेवरील प्रत्येक राउटरला अनेक कोष्टके सांभाळावी लागतात. शिवाय हेतू पाठविणाराच सांगणार; त्याच्या सांगण्यावर परक्या नेटवर्कने विश्वास का ठेवावा? गंतव्याचा पत्ता खोटा लिहिला तर पॅकेट पोहोचत नाही, हेतू खोटा लिहिला तर मात्र लिहिणाराचा फायदाच होतो. केवळ गंतव्य पाहणारी रचना साधी होती, स्वस्त होती आणि जगभर वाढू शकली. प्रवर्तकांनी चूक केली असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. परंतु त्या साधेपणाची किंमत कोणी तरी देणारच होते.

५. बॅकअपचा भार

ही किंमत बॅकअपच्या वाट्याला विशेषेकरून का आली, हे समजण्यासाठी त्याच्या स्वभावाकडे पाहिले पाहिजे. आरंभी बॅकअपला नेटवर्कची गरज नव्हती. संगणकाची चुंबकीय टेप त्या संगणकालाच जोडलेली असे. १९८३ च्या ४.२ बी.एस.डी.मध्ये दूरच्या यंत्रावरील टेपवर प्रत लिहिणारा 'आर-डंप' हा कार्यक्रम आला आणि बॅकअप इथरनेटवर उतरला. एका टेपवर अनेक यंत्रांच्या प्रती घेता येऊ लागल्या. ही मोठी सोय होती. पण तिच्याबरोबर नित्य काम आणि बॅकअप ह्यांची एकाच तारेवर स्पर्धाही सुरू झाली.

मेरीलंड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या आरंभी तयार झालेल्या 'अमांडा' ह्या बॅकअप-प्रणालीत ह्या स्पर्धेचा ठसा स्पष्ट दिसतो. तिच्या मांडणीत इंटरफेसची व्याख्या करता येते व त्याची क्षमता लिहिता येते. परंतु तिच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट बजावले आहे की, ह्या नोंदीमुळे प्रत्यक्षात कोणता इंटरफेस वापरला जाईल हे ठरत नाही. नवे काम आता सुरू करावे की थांबावे, एवढाच हिशेब तीवरून होतो. पुढचे सारे कार्यकारी प्रणालीवर व नेटवर्कवर सोपविलेले आहे. बॅकअपच्या कार्यक्रमाला इंटरफेसचे नाव घेता येते, पण त्याची निवड करता येत नाही! प्रस्तुत प्रतिपादनाला ह्याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

पुढे टेपचा वेग वाढत गेला तशी ही अडचण तीव्र झाली. २००० मध्ये आलेल्या एल.टी.ओ. जातीच्या पहिल्या पिढीच्या टेपवर १०० गिगाबाइट मावत आणि ती सेकंदाला सुमारे १५ ते २० मेगाबाइट लिहू शके. त्या काळी सर्वत्र असलेल्या १०० मेगाबिटच्या इथरनेटवरून, सर्व काही आदर्श असले तरी, सेकंदाला १२.५ मेगाबाइटच येऊ शकत. टेप नेटवर्कच्या पुढे गेली. आणि टेपचे वैशिष्ट्य असे की, तिला आशय कमी वेगाने मिळाला तर ती नुसती संथ होत नाही. ती थांबते, थोडी मागे जाते आणि पुन्हा धावू लागते. त्यामुळे वेळ वाया जातो व टेप आणि यंत्र दोन्ही झिजतात. उलट, १९९८ व १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या गिगाबिट इथरनेटवर सेकंदाला १२५ मेगाबाइटपर्यंत आशय जाऊ शके. एक टेराबाइटच्या बॅकअपला १०० मेगाबिटच्या कार्डावरून किमान ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून अधिक वेळ लागतो. गिगाबिट कार्डावरून ८,००० सेकंद, म्हणजे सुमारे सव्वादोन तास. पहिला बॅकअप रात्रीत मावत नाही, दुसरा मावतो. वाहतूक कोणत्या कार्डातून गेली, हा प्रश्न अशा वेळी सोयीचा न राहता बॅकअप होतो की नाही असा बनतो.

ह्या दडपणाखाली दोन उपाय पुढे आले. पहिला आदेश आणि आशय ह्यांना विभक्त करण्याचा. ही कल्पना जुनी आहे. ऑक्टोबर १९८५ च्या आर. एफ. सी. ९५९ मधील फाइल-वहनाच्या प्रोटोकॉलमध्ये आदेशाची जोडणी वेगळी व आशयाची वेगळी आहे. १९९६ मध्ये नेटवर्क अप्लायन्स व इंटेलिगार्ड ह्या कंपन्यांनी पुढे आणलेल्या एन.डी.एम.पी. प्रोटोकॉलने हेच तत्त्व बॅकअपला लावले : आदेश देणारा कार्यक्रम एकीकडे, आणि आशय फाइल-सर्व्हरकडून टेपकडे परभारे. दुसरा उपाय अधिक मूलगामी होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फायबर चॅनेलवर आधारलेली साठवणुकीची स्वतंत्र नेटवर्के उभी राहिली. तेथे तारच वेगळी, पत्त्याची पद्धतही वेगळी. त्यामुळे हेतू चुकण्याची शक्यताच नव्हती. पण खर्च मोठा होता. एप्रिल २००४ मध्ये आर. एफ. सी. ३७२० ने आय-स्कझी हा प्रोटोकॉल प्रमाणित करून साठवणुकीची वाहतूक पुन्हा आय.पी.वर आणली, आणि तिच्याबरोबर जुना प्रश्नही परत आला.

६. हेतूला पत्त्याचे रूप

अशा परिस्थितीत व्यवहाराने जो मार्ग काढला तो असा : ज्याला हेतू सांगता येत नाही त्याने वेगळे गंतव्य सांगावे. बॅकअप सर्व्हरला दुसऱ्या नेटवर्कमधला १०.१०.१०.५० हा पत्ता द्यावा, त्या पत्त्याला वेगळे नाव द्यावे, आणि बॅकअपच्या कार्यक्रमाला ते नाव सांगावे. सर्व्हरच्या होस्ट्स फाइलीत एक ओळ लिहिली की काम होते. गंतव्य आता दुसऱ्या कार्डाच्या सबनेटमध्ये बसते. कोष्टक आपल्या नेहमीच्या रीतीने दुसरे कार्ड निवडते. यंत्राला अजूनही बॅकअप म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्याला फक्त निराळा पत्ता दिसला.

हे रूपांतर सर्वत्र शक्य झाले ते आणखी एका घटनेमुळे. मार्च १९९४ मध्ये आर. एफ. सी. १५९७ ने आणि पुढे फेब्रुवारी १९९६ मध्ये आर. एफ. सी. १९१८ ने खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे मोकळे केले. पत्ते दुर्मिळ होत चालले असताना केवळ हेतू सांगण्यासाठी एक सबंध सबनेट खर्च करणे चैनीचे ठरले असते. आता ते फुकट झाले. ह्या दोन दस्तऐवजांत बॅकअपचा विचार केंद्रस्थानी नव्हता, तरी बॅकअपच्या स्वतंत्र नेटवर्कचे ते मोठे उपकारकर्ते ठरले.

बॅकअपच्या व्यापारी प्रणालींनीही हीच भाषा उचलली. मायक्रोसॉफ्टच्या डेटा प्रोटेक्शन मॅनेजरमध्ये बॅकअपचे नेटवर्क सांगावयाचे ते सबनेटचा पत्ता आणि मास्क देऊन. वीमच्या प्रणालीतील पसंतीची नेटवर्केही पत्त्यांच्या पट्ट्यांनीच सांगावी लागतात. 'हा बॅकअप आहे' हे वाक्य शेवटी 'हा १०.१०.१० चा आहे' असेच लिहावे लागते.

रूपांतर म्हटले की त्यात अर्थहानी आलीच. जे जे ह्या मार्गाने गेले त्यांना पुढील अडचणी आलटून पालटून भेटतात. पत्ता दोन्ही टोकांना हवा. एका टोकाला दुसऱ्या नेटवर्कचे कार्ड नसेल तर सारे व्यर्थ. दुसऱ्या कार्डालाही डिफॉल्ट गेटवे दिला तर यंत्राला बाहेरचे दोन दरवाजे होतात आणि उत्तरे भलत्याच वाटेने जाऊ लागतात. विंडोज ह्याबद्दल सूचनाही देते, पण ती बहुधा वाचली जात नाही. बॅकअपचे नेटवर्क अनेक सबनेटांत विभागलेले असेल तर डिफॉल्ट गेटवेऐवजी नेमक्या गंतव्याची स्थिर नोंद कोष्टकात घालणे, हाच योग्य उपाय होय. विंडोजमध्ये प्रत्येक कार्ड आपला पत्ता आपण होऊन डी.एन.एस.मध्ये नोंदविते, ती खूण काढली नाही, तर कचेरीतील साध्या संगणकांना सर्व्हरचा बॅकअपचा पत्ता मिळतो, आणि तेथवर त्यांची वाट नसते. लिनक्समध्ये कार्यक्रमाला दुसऱ्या कार्डाच्या पत्त्याशी बांधले, तरी वीक नमुन्यामुळे पॅकेट पहिल्याच कार्डातून बाहेर पडू शकते; पाठविणाराचा पत्ता एका नेटवर्कचा आणि वाट दुसऱ्याची, असा विचित्र प्रकार घडतो.

ह्या शेवटच्या अडचणीवर लिनक्सने जो तोडगा काढला तो इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जानेवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.२ ह्या आवृत्तीत अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांच्या कामामुळे एकाहून अधिक राउटिंग टेबले आणि त्यांतील कोणते केव्हा पाहावे ह्याचे नियम आले. पाठविणाराचा पत्ता पाहून, किंवा पॅकेटवर यंत्राच्या आत केलेली खूण पाहून, वेगळे कोष्टक निवडता येऊ लागले. १९८१ साली पॅकेटच्या शीर्षात राखलेली आणि पुढे हातची गेलेली हेतूची जागा अशा रीतीने यंत्राच्या उंबऱ्याच्या आत परत मिळाली. उंबऱ्याबाहेर मात्र ती खूण जात नाही.

उलट दिशेचे एक उदाहरणही नोंदले पाहिजे. विंडोज सर्व्हर २०१२ बरोबर आलेल्या फाइल-वहनाच्या प्रोटोकॉलमध्ये दोन यंत्रांमधील सर्व उपलब्ध कार्डे आपण होऊन शोधण्याची व तुल्य कार्डे एकदम वापरण्याची सोय आहे. वेगाच्या दृष्टीने ती उत्तम. पण जेथे एक कार्ड मुद्दाम राखून ठेवलेले आहे तेथे ही हुशारी राखीवपणाच मोडते, आणि तिला मर्यादा घालणारी वेगळी आज्ञा द्यावी लागते. यंत्राला दोन कार्डे एकाच घराची आहेत हे अखेर कळले. ती वेगवेगळ्या कामांसाठी आहेत हे अजून कळलेले नाही.

७. विभक्त मार्गाची दुसरी बाजू

आतापर्यंतचे विवेचन वेगाच्या अंगाने झाले. अलीकडच्या काळात ह्या प्रश्नाला सुरक्षिततेचे दुसरे अंग प्राप्त झाले आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे हल्लेखोर प्रथम बॅकअपचा नाश करू पाहतात, कारण प्रत शाबूत असेल तर खंडणी कोण देईल? अशा वेळी स्वतंत्र नेटवर्क हे संरक्षण वाटते. परंतु ज्या सर्व्हरला दोन कार्डे आहेत, तो दोन नेटवर्कांमधला पूलही आहे. सर्व सर्व्हर एकाच सपाट बॅकअप-नेटवर्कमध्ये जोडले, तर पहिल्या नेटवर्कवर फायरवॉलने जे परस्परांपासून तोडले, ते दुसऱ्यावर पुन्हा जोडले जाते.

वीक नमुन्याचा धोकाही येथेच आहे. एका कार्डाच्या पत्त्यावर पाठविलेले पॅकेट दुसऱ्या कार्डावरून आले तरी ते स्वीकारले जाते, म्हणजे पत्ता वेगळा असला की वाट वेगळी असतेच असे नाही. डिसेंबर २०१९ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, ह्या वर्तनाचा उपयोग करून शेजारच्या नेटवर्कवरील हल्लेखोर व्ही.पी.एन.च्या आतील पत्ता ओळखू शकतो व चालू जोडण्यांत ढवळाढवळ करू शकतो. १९८९ मध्ये जो विकल्प म्हणून खुला ठेवला होता, त्याचा हिशेब तीस वर्षांनी असा चुकवावा लागला. म्हणून बॅकअपच्या कार्डावर फक्त बॅकअपचीच दारे उघडी ठेवणे, सर्व्हरांना त्या नेटवर्कवर एकमेकांशी बोलू न देणे, आणि किमान एक प्रत कोणत्याही नेटवर्कच्या आवाक्याबाहेर ठेवणे, ही पथ्ये वेगाच्या विचाराइतकीच आवश्यक ठरतात.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बॅकअपची वाहतूक भलत्या कार्डातून जाते तेव्हा यंत्र बहुधा अचूकच वागत असते. त्याला विचारलेला प्रश्न आणि आपल्या मनातील प्रश्न हे दोन भिन्न असतात. दुसरी, हा भेद आकस्मिक नाही. पत्ता इंटरफेसला देणे, मार्ग गंतव्यावरून ठरविणे आणि सेवेच्या प्रकाराची तरतूद सोडून देणे, ह्या तीन ऐतिहासिक निर्णयांचा तो संयुक्त परिणाम आहे. तिसरी, ह्या निर्णयांमुळेच इंटरनेट साधे राहिले व वाढले. म्हणून त्यांना दोष देण्यापेक्षा त्यांची किंमत ओळखणे श्रेयस्कर.

अभ्यासकाच्या दृष्टीने ह्यात एक व्यावहारिक बोधही आहे. हेतू पत्त्याच्या रूपाने लिहिला की तो पाहणाराला हेतू म्हणून दिसत नाही. होस्ट्स फाइलीतील एक ओळ, कोष्टकातील एक स्थिर नोंद, काढून टाकलेली एक खूण, ह्या सर्वांमागे कोणाचा तरी विचार असतो; पण तो विचार त्या नोंदीत लिहिलेला नसतो. ती व्यक्ती गेली, सर्व्हर बदलला, नावाचा पत्ता पालटला, की वाहतूक मुकाट्याने जुन्या वाटेला लागते आणि कोणतीही घंटा वाजत नाही. म्हणून प्रत्येक कार्डावरून रात्री किती बाइट गेले हे नियमाने मोजावे, आणि मोजताना परतीचा प्रवासही विसरू नये. प्रत घेण्याची वाट आणि ती परत आणण्याची वाट एकच असेल असे कोष्टक कधीही हमी देत नाही. आणि परत आणण्याची वेळ येते तेव्हा सवड नसते.

यंत्राला 'कोठे' हे सांगता येते. 'कशासाठी' हे अजूनही माणसालाच लक्षात ठेवावे लागते व लिहून ठेवावे लागते.